टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलासह घराबाहेर पडताना : खानदेशातील ऊन, पंगत आणि प्रवास यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाचे घरातील वेळापत्रक बहुतेक पालक काही महिन्यांत नीट बसवतात. घोटाळा होतो तो घराबाहेर. लग्नाची पंगत दोन तास लांबते, एसटी घाटात थांबते, इन्सुलिन दुचाकीच्या डिकीत तापते, आणि मुलाची साखर उतरल्यावर घाईघाईने पेढा शोधला जातो. या चुकांमागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. क्रम चुकलेला असतो. म्हणून पुढे क्रमच सांगितला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. इन्सुलिनची मात्रा प्रत्येक मुलाचे वजन, वय, इन्सुलिनचा प्रकार आणि आहार पाहून डॉक्टर ठरवतात. या लेखात कोणत्याही मुलासाठी मात्रा दिलेली नाही. येथे दिलेले साखरेचे आकडे सर्वसाधारण वापरातील आहेत. डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळावेत.

टप्पा 1 : निघण्यापूर्वी आठवडाभर आधी डॉक्टरांकडून लिहून घेणे

तोंडी सूचना गर्दीत आठवत नाहीत. पुढील चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर मराठीत लिहून घ्यावीत, म्हणजे आजी, मामा किंवा शिक्षक यांपैकी कोणालाही ती वाचता येतील.

1. दिवसभर जास्त चालणे किंवा खेळणे होणार असेल तर कोणती मात्रा किती कमी करायची?
2. जेवण एक-दोन तास लांबले तर काय करायचे?
3. एखादी मात्रा राहून गेली तर काय करायचे?
4. ताप किंवा उलट्या सुरू झाल्यास साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साचणारे घातक आम्लद्रव्य) किती वेळाने तपासायचे, आणि कोणत्या आकड्याला थेट रुग्णालय गाठायचे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक पालक स्वतःच ठरवतात आणि पुढच्या वेळी दुप्पट मात्रा देतात. असे कधीही करू नये.

याच भेटीत डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे पत्रही घ्यावे. त्यात आजाराचे नाव, इन्सुलिनचे नाव आणि मुलाजवळ सुया, ग्लुकोमीटर (रक्तातील साखर तपासण्याचे यंत्र) व खाऊ असणे गरजेचे असल्याचा उल्लेख असावा. विमानाने जाताना सुरक्षा तपासणीत हे पत्र कामी येते, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रावरही येते. केंद्रप्रमुखांना मात्र ते पेपरच्या सकाळी न देता आधीच पोहोचवावे.

टप्पा 2 : पिशवी दोन भागांत भरणे

सगळे सामान एकाच पिशवीत ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ती पिशवी हरवली, चोरीला गेली किंवा एसटीच्या डिकीत अडकली की सगळेच संपते. प्रवासाच्या दिवसांना लागेल त्याच्या दुप्पट सामान घ्यावे आणि दोन मोठ्या माणसांकडे अर्धे-अर्धे ठेवावे. प्रत्येक अर्ध्यात इन्सुलिनचे सर्व प्रकार, सिरिंज किंवा इन्सुलिन पेनच्या सुया, तपासणीच्या पट्ट्या, टोचणी, ग्लुकोज आणि त्या लिखित कागदाची प्रत असावी. यंत्र एकच असेल तर ते मुलाच्या अगदी जवळ राहणाऱ्या व्यक्तीकडे ठेवून त्याची जादा बॅटरी दुसऱ्या भागात ठेवावी. लघवीतील कीटोन तपासण्याच्या पट्ट्यांची बाटलीही घ्यावी. ती बहुतेक घरांत नसतेच, आणि लागते तेव्हा मध्यरात्र झालेली असते.

ग्लुकोजचा आख्खा डबा नेण्याऐवजी मोजलेल्या पुड्या कराव्यात. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 0.3 ग्रॅम हे प्रमाण वापरले जाते, म्हणजे 15 किलोच्या मुलाला साधारण 5 ग्रॅम, 30 किलोच्या मुलाला 9 ते 10 ग्रॅम आणि 50 किलोच्या मुलाला 15 ग्रॅम. किराणा दुकानातील डिजिटल काट्यावर एकदा वजन करून लहान प्लास्टिक पिशव्या बंद कराव्यात. कागदाच्या पुडीत ग्लुकोजला ओल लागून त्याचा गोळा होतो. एक पुडी मुलाच्या स्वतःच्या खिशात असलीच पाहिजे. आईच्या पर्समधील ग्लुकोज मैदानावर खेळणाऱ्या मुलाच्या उपयोगाचे नसते.

*तपासा :* वापरलेल्या सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिक बाटली घेतली का? सुया खिडकीबाहेर किंवा धर्मशाळेच्या कचऱ्यात टाकू नयेत.

टप्पा 3 : सिरिंज आणि इन्सुलिन यांचा मेळ घालणे

हा टप्पा छोटा वाटतो, पण सर्वांत घातक चूक येथेच होते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट या तीव्रतेचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमधील काडतूस मात्र 100 युनिट तीव्रतेचे असते. त्या तीव्रतेची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. प्रवासात पेन तुटले म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने इन्सुलिन ओढले आणि 10 च्या खुणेपर्यंत भरले, तर मुलाच्या अंगात 10 ऐवजी 25 युनिट जातात. उलट, 40 च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत भरले तर केवळ 4 युनिट जातात. पहिल्या चुकीत मूल तासाभरात बेशुद्ध पडू शकते, तर दुसऱ्या चुकीत साखर चढत जाते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

परगावच्या मेडिकलमध्ये नुसती 'इन्सुलिनची सिरिंज' मागू नये. बाटलीवरचा आकडा दाखवून त्याच आकड्याची सिरिंज मागावी आणि पैसे देण्यापूर्वी वेष्टनावरचा आकडा स्वतः वाचावा.

टप्पा 4 : इन्सुलिनला उन्हापासून वाचवणे

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण 25 ते 30 अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत आणि तापमान वेष्टनातील पत्रकावर असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा 44-45 अंशांवर जातो, त्या दिवसांत पत्र्याच्या घरातील फळीवर ठेवलेले इन्सुलिन या मर्यादेत राहत नाही. तापलेले इन्सुलिन दिसायला अनेकदा तसेच राहते, फक्त त्याचा गुण कमी होतो, आणि मग पालक मुलाच्या खाण्याला दोष देत राहतात.

घरी फ्रिज असेल तर दारातील कप्पा वापरावा. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला टेकवून ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच असते. वीज तासन् तास जाते किंवा फ्रिजच नाही, अशा घरात मातीच्या मडक्याचा उपाय चांगला चालतो.

1. एक मोठे मडके आणि त्यात बसेल असे लहान मडके घ्यावे. दोन्ही आतून-बाहेरून रंगवलेली नसावीत, कारण पाणी झिरपले तरच मडके थंड होते.
2. दोन्हींमधील जागेत वाळू भरून ती ओली करावी.
3. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतील मडक्यात ठेवावे. डबीत पाणी शिरता कामा नये.
4. वरून ओले फडके टाकून मडके सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे.
5. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करावी, आणि आत एक साधे तापमापक ठेवून भर दुपारचा आकडा पाहावा.

हा उपाय खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात जितका चालतो तितका पावसाळ्याच्या दमट हवेत चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. मडक्यात फ्रिजइतका गारवा नसतो. म्हणून तेथे वापरातील इन्सुलिन ठेवावे आणि महिन्यांचा साठा फ्रिज असलेल्या नातेवाइकांकडे किंवा मेडिकलवाल्याकडे ठेवावा.

प्रवासासाठी रुंद तोंडाचा थर्मास पुरेसा आहे. त्यात थंड पाणी घालून दहा मिनिटे ठेवावे, पाणी ओतून आतून पूर्ण कोरडा करावा आणि मग सुती फडक्यात गुंडाळलेले इन्सुलिन ठेवून झाकण लावावे. बर्फाची पिशवी घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या जाड टॉवेलात गुंडाळावी. तिचा इन्सुलिनला थेट स्पर्श होऊ देऊ नये. बर्फाच्या खड्यांत बाटली खुपसून नेण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ती उन्हाइतकीच वाईट आहे.

*सावधान :* दुचाकीची डिकी, ट्रॅक्टरची पेटी, उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड आणि रेल्वेच्या खिडकीजवळची जागा येथे इन्सुलिन पाच मिनिटांसाठीही ठेवू नये.

*तपासा :* पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ किंवा पिवळसर दिसत असेल, अथवा मुळातच दुधाळ असणाऱ्या इन्सुलिनमध्ये गुठळ्या किंवा बाटलीच्या काचेला चिकटलेले कण दिसत असतील, तर ते टाकून द्यावे. दुधाळ इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच वीसेक वेळा फिरवून एकजीव करावे. जोराने हलवू नये.

टप्पा 5 : वाटेत तपासणी करणे

तपासणीपूर्वी हात पाण्याने धुऊन पुसणे हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि प्रवासात तोच पहिला सुटतो. मुलाने केळे सोलले असेल, आंबा चोखला असेल किंवा उसाचा रस बोटांवर सांडला असेल, तर बोटावरची साखर पट्टीवर जाऊन आकडा कितीतरी जास्त दिसतो. त्या आकड्यावर विसंबून जादा इन्सुलिन दिले तर साखर धोकादायक उतरते. साध्या पाण्याची लहान बाटली आणि स्वच्छ रुमाल यंत्राच्या पिशवीतच ठेवावा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरावा.

उष्णतेने यंत्र आणि पट्ट्या दोन्ही बिघडतात. अनेक यंत्रे 40 ते 45 अंशांच्या आसपास आकडा दाखवणे थांबवतात. अशा वेळी यंत्र सावलीत पंधरा-वीस मिनिटे ठेवून पुन्हा तपासावे, त्यावर पाणी शिंपडू नये. पट्ट्यांची डबी प्रत्येक वेळी लगेच बंद करावी.

लांबच्या प्रवासात दर दोन-तीन तासांनी तपासणी करावी. सुरतकडे जाणारी गाडी नंदुरबारच्या अलीकडे सिग्नलला थांबली, किंवा धुळ्याहून निघालेली एसटी टायर पंक्चर होऊन उभी राहिली, तर जेवणाचे ठिकाण कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून एका पूर्ण जेवणाचा डबा नेहमी जवळ असावा. कळण्याची भाकरी आणि सुकी भाजी उन्हातही तग धरते.

टप्पा 6 : पंगतीत बसवणे

लग्नाच्या जेवणात होणारी चूक म्हणजे 'आता पाने मांडतील' असे ऐकून इन्सुलिन देणे. वरात पोहोचत नाही, जेवण थांबते आणि मुलाची साखर उतरते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

1. मांडवात पोहोचताच यजमानांना सांगून मुलाला पहिल्या पंगतीत बसवण्याची व्यवस्था करावी. मान-पानाचा संकोच येथे बाजूला ठेवावा. कारण सांगितले की कोणीही नाही म्हणत नाही.
2. हात धुऊन साखर तपासावी.
3. जलद इन्सुलिन असेल तर ते जेवणाच्या साधारण 10 ते 15 मिनिटे आधी द्यावे लागते, म्हणून वाढप सुरू झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच द्यावे. जुन्या प्रकारचे साधे इन्सुलिन अर्धा तास आधी द्यावे लागते. अशा मुलाने घरचा डबा ठरल्या वेळी खावा आणि पंगतीत नुसती चव घ्यावी, हेच माझ्या मते शहाणपणाचे आहे.
4. लहान मूल किती जेवेल याचा भरवसा नसेल, तर जलद इन्सुलिन जेवणानंतर लगेच देण्याची मुभा काही डॉक्टर देतात. हे आधी विचारून ठेवावे.

वरण-बट्टीबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. बट्टी आकाराने लहान दिसली तरी तिच्यात गव्हाचे पीठ भरपूर असते, आणि ती तळलेली व तुपात बुडवलेली असल्याने साखर लगेच न चढता तीन ते पाच तासांनी चढते. जेवणानंतर दोन तासांनी आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. आणखी दोन-तीन तासांनी पुन्हा पाहावे. तेव्हा आकडा जास्त आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेलीच जादा मात्रा द्यावी, आणि आधीच्या जलद इन्सुलिननंतर तीन-चार तास झाल्याची खात्री करावी. मात्रेवर मात्रा चढवली की रात्री साखर कोसळते.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमरस-पुरणपोळी आणि श्रावणात कानुबाईचे रोट असतात. ते मुलाला पूर्णपणे नाकारण्याची गरज नसते. किती खायचे हे आधी ठरवावे, वाटीने मोजावे, डॉक्टरांनी शिकवलेल्या हिशेबाने त्याचे इन्सुलिन द्यावे, आणि हे पदार्थ दोन जेवणांच्या मध्ये देण्याऐवजी जेवणातच द्यावेत. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदके असतात. केळीच्या बागेत फिरताना तोंडात टाकलेली 'एक-दोन केळी' या हिशेबात धरलीच पाहिजेत.

टप्पा 7 : खेळ, पायी यात्रा आणि पोहणे

खेळण्यापूर्वी साखर 90 ते 250 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान असावी. 90 पेक्षा कमी असेल तर 10 ते 20 ग्रॅम कर्बोदके खाऊन, साखर वर आल्यावर खेळ सुरू करावा. 250 पेक्षा जास्त असेल तर कीटोन तपासावेत. कीटोन आढळल्यास खेळू देऊ नये, कारण श्रमाने स्थिती आणखी बिघडते. ज्या दिवशी धावणे किंवा चालणे होणार त्या दिवशी मांडीत टोचू नये, पोटावर टोचावे. राबत्या स्नायूंजवळ टोचलेले इन्सुलिन लवकर भिनते, आणि नुसत्या उन्हानेही तोच परिणाम होतो.

चैत्रात वणीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांसोबत मूल असेल तर मात्रेतील बदल निघण्याच्या आदल्या दिवसापासूनच डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे करावा. पहाटे चालावे, उन्हात थांबावे, दर पाऊण तासाने तपासावे. अनवाणी चालण्याचा नवस मुलासाठी बोलू नये. उन्हात घाम सर्वांनाच येतो, त्यामुळे साखर उतरल्याची खूण असलेला घाम ओळखू येत नाही. मूल गप्प झाले, चिडचिड करू लागले किंवा मागे पडू लागले तर अंदाज न बांधता तपासावे.

*सावधान :* विहीर, तापीचे पात्र किंवा तलावात मुलाला एकटे पोहू देऊ नये. पाण्यात साखर उतरली तर हाक मारण्याइतकाही वेळ मिळत नाही. आजार ठाऊक असलेला, पोहता येणारा मोठा माणूस पाण्यात जवळ असावा.

श्रमाचा परिणाम 24 तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणून त्या रात्री झोपताना आणि पुन्हा दोन-तीनच्या सुमारास तपासणी करावी.

टप्पा 8 : साखर उतरल्यास

1. 70 पेक्षा कमी आकडा आला, किंवा लक्षणे (घाम, चिडचिड, गप्प होणे) आहेत पण यंत्र जवळ नाही, तर मुलाला आहे तेथेच बसवावे.
2. ग्लुकोजची मोजलेली पुडी पाण्यात घालून किंवा तशीच द्यावी. ग्लुकोज नसेल तर साखर चालते. सपाट भरलेला एक चमचा साधारण 4 ते 5 ग्रॅम असतो.
3. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही 70 पेक्षा कमी असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे.
4. साखर वर आल्यावर, जेवणाला वेळ असेल तर भाकरी किंवा दूध द्यावे.

पेढा, बर्फी, चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून पहिला उपाय म्हणून ते देऊ नयेत. एकदम मूठभर ग्लुकोज देणेही टाळावे, कारण नंतर साखर तीनशेच्या वर जाते.

*सावधान :* मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला एका कुशीवर वळवावे, 108 ला फोन करावा आणि टाइप 1 मधुमेह असल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचे (रक्तातील साखर वाढवणारे) इंजेक्शन देऊन ते शिकवले असेल तर ते द्यावे. सातपुड्यात तोरणमाळ-धडगावकडे जाणाऱ्यांनी या इंजेक्शनबाबत आधीच विचारावे आणि वाटेतील सर्वांत जवळचे रुग्णालय नावानिशी लिहून ठेवावे.

टप्पा 9 : उलटी किंवा ताप आल्यास

'पोरगं काही खात नाही, मग इन्सुलिन कशाला?' हे वाक्य मुलांना अतिदक्षता विभागात नेते. टाइप 1 मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे मूल उपाशी असले तरी दिवसभर काम करणारे दीर्घकालीन इन्सुलिन बंद करता येत नाही. आजारपणात मात्रा कमी-जास्त होते, पण ती डॉक्टरांना फोन करून. दर दोन ते चार तासांनी साखर आणि कीटोन तपासावेत, पाणी थोडे-थोडे देत राहावे.

कीटोन मध्यम किंवा जास्त असणे, वारंवार उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि वेगाने चालणारा श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर प्रवास तेथेच थांबवून रुग्णालय गाठावे. उन्हाळ्यात यालाच ऊन लागले असे समजून कांद्याचा रस लावत बसल्याने मोलाचे तास जातात. गावोगावी मिळणाऱ्या पुड्या व काढ्यांच्या भरवशावर इन्सुलिन सोडणे हाही याच मार्गाचा प्रवास आहे.

टप्पा 10 : शाळेत सोपवणे

शाळेसाठी टप्पा 1 मधलाच लिखित कागद पुरतो. फक्त तो वर्गशिक्षकांबरोबर खेळाच्या शिक्षकांना आणि शेजारी बसणाऱ्या मित्रालाही समजावून द्यावा. वर्गात तपासणी करण्यास व मध्येच खाण्यास परवानगी हवी असते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना अशा मुलांना ही मुभा देण्याविषयी कळवले आहे. मुख्याध्यापक साशंक असतील तर त्याचा आदराने उल्लेख करावा. साखर उतरलेल्या मुलाला एकटे पाणी प्यायला किंवा घरी पाठवू नये, ही सूचना कागदावर ठळक लिहावी.

टप्पा 11 : परत आल्यावर

त्याच रात्री वरीलप्रमाणे दोनदा तपासणी करावी. प्रवासात नेलेली बाटली नव्या साठ्यात मिसळू नये. तिच्यावर उघडल्याची तारीख आणि 'प्रवासातील' असे लिहून ती आधी संपवावी. ती तापल्याची शंका असेल, किंवा नेहमीचे खाणे असूनही दोन-तीन मात्रांनंतर साखर चढीच राहत असेल, तर ती टाकून नवी बाटली उघडावी. वापरलेल्या सुयांची बाटली घट्ट बंद करून दवाखान्यात जमा करावी. वाटेतील सर्व आकडे वेळेसह वहीत उतरवावेत आणि प्रत्येकापुढे काय खाल्ले, किती चालले हे लिहावे. पुढच्या सहलीची मात्रा ठरवताना डॉक्टर आधी ही वहीच मागतात.